फोन नेटवर्क बदलतो तेव्हा निर्णय कोण घेतं?

प्रश्न असा आहे: पुण्याहून मुंबईला रेल्वेने जाताना खंडाळ्याच्या पुढे घाटात चालू कॉल हमखास तुटतो. घरातून निघून लिफ्टपाशी आलं की वायफायची एकच कांडी उरते, तरी फोन मोबाइल डेटावर जात नाही आणि व्हॉट्सॲप कॉल अडकतो. कधी टॉवरच्या सगळ्या कांड्या दिसत असतात, पण नेट हलत नाही. मग फोन नेटवर्क नेमकं बदलतो कसं, आणि इतका उशीर का लावतो?

माझं काम रेडिओ ऑप्टिमायझेशनचं. गाडीत लॅपटॉपला फोन जोडून रस्ते पालथे घालायचे, कॉल कुठे तुटतोय ते नोंदीत शोधायचं आणि त्याप्रमाणे टॉवरची सेटिंग्ज बदलून घ्यायची. याला आम्ही ड्राइव्ह टेस्ट म्हणतो. वरच्या तिन्ही तक्रारी ऐकायला सारख्या वाटतात, कारण तिन्हींत ‘फोन अडकला’ एवढंच दिसतं. पण तिन्ही ठिकाणी बदलाचा निर्णय वेगवेगळ्याच्या हातात असतो. तो कोणाच्या हातात आहे हे कळलं की आपण काय करू शकतो आणि काय आपल्या हाताबाहेरचं आहे, हेही कळतं.

आधी चालू कॉलचं पाहू. कॉल किंवा डेटा सुरू असताना कुठल्या टॉवरवर जायचं हे फोन ठरवत नाही, नेटवर्क ठरवतं. फोनचं काम मोजमापाचं. ४जीमध्ये तो स्वतःच्या टॉवरचा आणि शेजारच्या टॉवरांचा सिग्नल सतत मोजत असतो. या मापाला आरएसआरपी म्हणतात आणि ते उणे आकड्यांत, डीबीएम या एककात येतं; दोन मापांतला फरक डीबीमध्ये सांगतात. उणे ८५ म्हणजे छान रेंज, उणे ११० म्हणजे काळजीची वेळ, आणि उणे १२० च्या खाली कॉल टिकवणं अवघड. टॉवरने फोनला आधीच एक अट सांगून ठेवलेली असते: शेजारी माझ्यापेक्षा अमुक इतका सरस झाला आणि तमुक इतका वेळ सरस राहिला, की मला कळव. साधारण ३ डीबी आणि ३२० मिलीसेकंद अशा पट्टीतले आकडे सर्रास भेटतात. अट पुरी झाली की फोन अहवाल पाठवतो. जुना टॉवर नव्या टॉवरला विचारतो, तुझ्याकडे जागा आहे का. जागा असेल तर नवा टॉवर त्या फोनसाठी तयारी करून ठेवतो, आणि मग जुना टॉवर फोनला हुकूम देतो: आता तिकडे जा. फोन जुनी जोडणी सोडतो आणि नवी धरतो. याला हँडओव्हर म्हणतात. सगळं जुळलं तर या अदलाबदलीत ५० मिलीसेकंदांच्या आसपास खंड पडतो. व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच जाणाऱ्या कॉलमध्ये आवाजाचा एकेक तुकडा २० मिलीसेकंदांचा असतो. म्हणजे दोन-तीन तुकडे गळतात आणि कानाला पत्ताही लागत नाही. एक्सप्रेस-वेवर तासभर बोललात तर असे कित्येक हँडओव्हर होऊन गेलेले असतात, तुम्हाला न कळता.

मग ती ३ डीबीची आणि ३२० मिलीसेकंदांची अट कशाला? शेजारी सरस दिसताक्षणी का उडी मारू नये? कारण सिग्नल क्षणभरही स्थिर नसतो. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर. फोन चार बोटं इकडचा तिकडे झाला तरी भिंतींवरून उलटून आलेल्या लहरी एकमेकींत वेगळ्या मिसळतात आणि माप खाली-वर होतं. दोन टॉवरांच्या मधोमध उभं राहिलात तर कधी हा सरस, कधी तो. अट नसती तर फोन दोघांमध्ये सारखा भिरभिरत राहिला असता. याला आम्ही पिंगपाँग म्हणतो. प्रत्येक फेरीत थोडा खंड, थोडा धोका आणि नेटवर्कवर निरोपांचा बोजा. म्हणून फोनला मुद्दाम थोडं हट्टी ठेवलेलं असतं. टॉवर बदलायला लावणं सोपं आहे, नको तेव्हा बदलू न देणं हे आमच्या कामातलं अवघड अंग.

हाच हट्ट घाटात अंगाशी येतो. खंडाळा ते कर्जत गाडी उतरते तेव्हा बोगदे एकामागून एक येतात, मध्ये दरी, मध्ये डोंगराची भिंत. मैदानात जुना टॉवर हळूहळू क्षीण होतो आणि नवा हळूहळू चढतो, त्यामुळे अदलाबदलीला भरपूर वेळ मिळतो. बोगद्याच्या तोंडाशी असं होत नाही. नोंदींमध्ये तिथे एक ठरावीक आकृती दिसते: जुन्या टॉवरची रेघ उणे १०० च्या आसपास रेंगाळते आणि मग जवळजवळ उभी खाली कोसळते, नव्याची रेघ तळातून एकदम वर येते, आणि दोन्ही एकमेकींना छेदतात ती जागा पापणी लवण्याएवढी असते. गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असेल तर ३२० मिलीसेकंदांत ती पाचेक मीटर पुढे जाते. त्यात फोनचं मोजमाप सरासरी काढून होतं, त्याला आणखी २०० मिलीसेकंद. आणि शेजारचा टॉवर वेगळ्या फ्रीक्वेन्सीवर असेल तर तो ऐकण्यासाठी फोनला आपली फ्रीक्वेन्सी थोडा वेळ सोडावी लागते. दर ४० किंवा ८० मिलीसेकंदांत ६ मिलीसेकंदांची सुट्टी, तेवढ्यात जमेल तितकं मोजायचं. म्हणजे आणखी उशीर.

खरी गोम पुढे आहे. फोनने अहवाल पाठवायचा तो जुन्या टॉवरलाच, आणि जाण्याचा हुकूमही यायचा तो जुन्या टॉवरकडूनच. नव्या घराची किल्ली जुन्या घरमालकाच्या हातून घ्यायची आणि नेमका तोच दिसेनासा झालेला. नवा टॉवर समोर खणखणीत ऐकू येतोय, पण तिकडे जायची परवानगी ज्याने द्यायची त्याचा आवाज बोगद्यात मागे राहिला. फोन थोडा वेळ वाट पाहतो, बहुधा एखादा सेकंद, मग जोडणी तुटली असं धरून स्वतःच सापडेल त्या टॉवरकडे पुन्हा जोडणीची विनंती करतो. त्या टॉवरकडे या फोनची माहिती आधी पोचलेली असेल तर कॉल वाचतो, थोडी शांतता जाणवते इतकंच. माहिती नसेल तर कॉल गेला. तुम्ही ‘हॅलो, हॅलो’ म्हणता तो बहुतेक वेळा हाच काळ.

यावर उपाय आहेत, पण ते फोनवाल्याच्या हातात नाहीत. बोगद्याच्या तोंडाशी अट सैल करून हँडओव्हर लवकर करायला लावता येतो. बोगद्यात गळकी केबल टाकून, म्हणजे लांबीभर थोडा थोडा सिग्नल बाहेर सोडणारी केबल टाकून, एकच टॉवर आत-बाहेर चालू ठेवता येतो. मला सर्वांत पटलेला उपाय ३जीपीपी या मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या रिलीज १६ या आवृत्तीत आला, त्याला सशर्त हँडओव्हर म्हणतात. त्यात जुना टॉवर सिग्नल चांगला असतानाच फोनला हुकूम देऊन ठेवतो: अमुक टॉवर इतका सरस झाला की मला न विचारता जा. किल्ली आधीच खिशात. रेल्वे आणि घाटरस्त्यांसाठी ही गोष्ट फार मोलाची आहे, पण फोन आणि नेटवर्क दोघांनाही ती यावी लागते.

फोनने मोजायचं आणि नेटवर्कने ठरवायचं ही वाटणी जीएसएमपासून, म्हणजे २जीच्या काळापासून चालत आलेली आहे. तेव्हा फोन सहा सर्वांत जोरदार शेजाऱ्यांची मापं दर ४८० मिलीसेकंदांनी पाठवायचा. रिलायन्स आणि टाटा इंडिकॉमचे सीडीएमए फोन ज्यांनी वापरले त्यांनी वेगळी पद्धत अनुभवली. तो फोन दोन-तीन टॉवरांशी एकाच वेळी बोलत असे, नवा पक्का झाल्यावर जुना सुटे. ते शक्य होतं कारण सगळे शेजारी टॉवर एकच फ्रीक्वेन्सी वापरत. आवाजासाठी सुंदर, पण एका कॉलने दोन-तीन टॉवरांची जागा अडवायची. ४जीने ती चैन सोडली.

कॉल चालू असताना ४जी संपून फक्त २जीच उरलं तर? तिथे नेटवर्क व्होल्टी कॉल उचलून २जीवर ठेवतं, कॉल न तोडता. आवाज थोडा जाड होतो, नेट बंद पडतं, कॉल संपला की फोन काही सेकंदांत ४जीवर परततो. अर्थात त्यासाठी कंपनीकडे २जी हवं. जिओने २०१६ मध्ये सेवा सुरू केली तीच फक्त ४जीवर, त्यामुळे तिथे खाली उतरायला पायरीच नाही. एअरटेलने २जी ठेवलेलं आहे. खेड्यापाड्यांत, डोंगरात फिरणाऱ्याने दोन सिम घेताना हा फरक ध्यानात ठेवावा.

आता दुसरी स्थिती. फोन खिशात पडलेला, ना कॉल ना डेटा. इथे निर्णय फोनचा असतो, पण नियम टॉवरने जाहीर केलेले. प्रत्येक टॉवर आपल्या घोषणेत सांगत असतो की कोणत्या फ्रीक्वेन्सीला किती प्राधान्य, किती सिग्नल असला की तिकडे जायचं, किती खाली गेला की सोडायचं. फोन मधूनमधून जागा होतो, मापं घेतो, नियमाप्रमाणे टॉवर बदलतो आणि पुन्हा झोपतो. यात बॅटरी वाचवणं हा मोठा हेतू आहे, म्हणून इथली चाल सावकाश.

भरलेल्या कांड्या आणि बंद नेट याचं मूळ बरेचदा इथे सापडतं. कांड्या दाखवतात तो सिग्नलचा जोर. टॉवरवर गर्दी किती, आजूबाजूच्या टॉवरांचा गोंगाट किती, हे त्यांत दिसत नाही. संध्याकाळी दादरला किंवा ठाण्याला फलाटावर उभे राहा. टॉवर जवळ, जोर भरपूर, पण टॉवरच्या त्याच बाजूवर (सेक्टरवर) हजारो फोन. प्राधान्याचा नियम जोर बघतो, तुमच्या वाट्याला किती आलं ते बघत नाही. नेटवर्क काही फोन दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर ढकलून भार वाटू शकतं आणि ढकलतंही, पण शेजारचीही भरलेली असेल तर कुठे ढकलणार? ५जीच्या चिन्हाबद्दलही हेच. भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी सुरू झालं, तेव्हा जिओने स्वतंत्र ५जी उभारलं आणि एअरटेलने ४जीच्या आधाराने चालणारं. आधाराच्या प्रकारात टॉवरने ‘इथे ५जी मिळू शकतं’ एवढी घोषणा केली तरी फोन चिन्ह दाखवू शकतो, प्रत्यक्षात तो त्या क्षणी ४जीवर उभा असतो. चिन्हावरून वेगाचा अंदाज बांधू नका.

एरोप्लेन मोड चालू-बंद केल्यावर कधी कधी नेट सुरू होतं, त्याला कारण आहे. फोन सगळे जुने संदर्भ सोडून नव्याने टॉवर निवडतो, अडकलेली डेटा जोडणी नव्याने उभी राहते. गर्दीच्या ठिकाणी मात्र याचा फायदा होईलच असं नाही. तोच टॉवर पुन्हा मिळतो.

तिसरी तक्रार वायफायची, आणि इथे सगळं चित्र उलटं होतं. वायफायमध्ये निर्णय पूर्णपणे फोनचा. राउटर फार तर सुचवू शकतो. मोबाइलचं जाळं पहिल्यापासून फिरत्या माणसासाठी आखलं गेलं, वायफाय मात्र खोलीतल्या संगणकांची तार काढून टाकण्यासाठी जन्माला आलं, आणि तो स्वभाव अजून टिकून आहे. फोन एकदा राउटरला चिकटला की सुटता सुटत नाही. ॲपलने आपल्या कागदपत्रांत आकडे दिले आहेत: आयफोन सिग्नल उणे ७० डीबीएमपर्यंत खाली आला की दुसरा राउटर शोधायला लागतो, आणि डेटा चालू असताना नवा किमान ८ डीबीने सरस असेल तरच जातो. डेटा चालू नसेल तर १२ डीबी. अँड्रॉइडमध्ये कंपनीगणिक वेगळं.

म्हणून घरात दोन राउटर असतील आणि त्यांना एकच नाव, एकच पासवर्ड दिलेला असेल, तरी हॉलमधून मागच्या खोलीत गेल्यावर फोन हॉलचाच राउटर धरून बसतो. बहुतेक लोक यावर राउटरची ताकद वाढवतात. मी उलट सांगतो: ताकद कमी करा. दोन्ही राउटर पूर्ण जोरात असले तर मागच्या खोलीतही हॉलचा सिग्नल उणे ६५ मिळतो आणि फोनला शोधायची गरजच वाटत नाही. हॉलच्या राउटरची ताकद मध्यम केली की तिथे उणे ७५ येतो, फोन शोधायला लागतो आणि जवळचा सापडतो. राउटर नवे असतील तर ८०२.११के, व्ही आणि आर हे तीन पर्याय चालू करा. के म्हणजे शेजारी राउटरांची यादी फोनला देणं, व्ही म्हणजे ‘आता तिकडे जा’ अशी सूचना, आर म्हणजे नव्या राउटरवर ओळखपाळखीचा सगळा सोपस्कार नव्याने न करता पटकन जोडणं. ऑफिसमध्ये प्रत्येकाचं वेगळं लॉगिन असलेल्या वायफायवर आरने मोठा फरक पडतो. घरी के आणि व्ही पुरतात. आर चालू केल्यावर एखादं जुनं उपकरण जोडायला नकार देत असेल तर तेवढं बंद ठेवा.

लिफ्टपाशी वायफायवरून मोबाइल डेटावर जायचा निर्णय घेते ती फोनची ऑपरेटिंग सिस्टीम. तिचा मूळ कल वायफायकडे, कारण वायफाय फुकट आणि डेटा मोजून मिळणारा, हे गृहीत तिच्यात पूर्वीपासून आहे. अँड्रॉइड वायफायला जोडल्यावर गूगलच्या एका पत्त्याकडे छोटीशी विनंती पाठवतो. ठरलेलं रिकामं उत्तर आलं तर इंटरनेट आहे, नाही आलं तर ‘जोडलेलं आहे, पण इंटरनेट नाही’. पण लिफ्टपाशी वायफाय मेलेलं नसतं, अर्धमेलं असतं. दहातलं एखादं पाकीट पोचतं, म्हणून सिस्टीमला ते जिवंत वाटतं. सॅमसंग आणि इतर फोनांत वायफाय सेटिंगमध्ये ‘वायफाय कमजोर असेल तर मोबाइल डेटा वापरा’ अशा अर्थाचा पर्याय असतो, आयफोनमध्ये वायफाय असिस्ट. डेटाचा पॅक पुरेसा असेल तर तो चालू ठेवा. निघताना महत्त्वाचा कॉल असेल तर सरळ दारातच वायफाय बंद करा, त्याहून खात्रीचा मार्ग मला ठाऊक नाही.

एवढं करूनही वायफायवरून डेटावर जाताना व्हॉट्सॲप कॉल दोन-तीन सेकंद ‘पुन्हा जोडत आहे’ म्हणतोच. टॉवर बदलताना असं होत नाही, मग इथेच का? कारण आयपी पत्ता. एका टॉवरवरून दुसऱ्यावर गेलात तरी तुमचा इंटरनेटवरचा पत्ता बदलत नाही. तो मोबाइल कंपनीच्या गेटवेवर, म्हणजे इंटरनेटकडे उघडणाऱ्या तिच्या दारावर, बांधलेला असतो आणि टॉवर बदलला तरी गेटवे तोच राहतो. वायफायवरून डेटावर गेलात की घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता सुटतो, मोबाइल कंपनीचा मिळतो. टीसीपी ही इंटरनेटवर डेटा पोचवण्याची जुनी पद्धत, आणि तिची जोडणी दोन्ही टोकांच्या पत्त्यांवरून ओळखली जाते. एक टोक बदललं की ती जोडणी संपली. व्हॉट्सॲपला मग समोरच्या फोनपर्यंतची वाट नव्याने शोधावी लागते, त्यातच ते दोन-तीन सेकंद जातात.

या अडचणीवर बऱ्याच लोकांनी डोकं लावलेलं आहे. मल्टिपाथ टीसीपीमध्ये एकच जोडणी वायफाय आणि मोबाइल दोन्हींवरून चालते. ॲपलने २०१३ मध्ये आयओएस ७ पासून सिरीसाठी ती वापरली. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक या नव्या पद्धतीत जोडणीला पत्त्यापासून वेगळं असं स्वतःचं ओळखचिन्ह दिलं, म्हणजे पत्ता बदलला तरी सर्व्हर म्हणतो, हा तोच. समोरच्या सर्व्हरने ही सोय चालू ठेवली असेल तर व्हिडिओ किंवा पान मधेच अडकत नाही.

आणि वायफाय कॉलिंग, जे एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये आणलं, त्यात वेगळीच युक्ती आहे. तुमचा कॉल वायफायवरून गुप्त बोगद्याने थेट मोबाइल कंपनीच्या त्याच गेटवेपर्यंत नेला जातो. कॉलचा पत्ता तिथेच बांधलेला असल्यामुळे घराबाहेर पडून व्होल्टीवर गेलात तरी पत्ता कायम राहतो आणि कॉल चालू राहतो. घरात रेंज कमी असणाऱ्यांनी हे सेटिंग जरूर चालू करावं. व्हॉट्सॲपपेक्षा साधा कॉल दारातून बाहेर पडताना चांगला टिकतो तो यामुळे.

यूपीआयचं एक सांगतो, कारण त्यात पैसे गुंतलेले असतात. दुकानाच्या वायफायवर पैसे पाठवले, चक्र फिरत असताना बाहेर पडलात, पत्ता बदलला, उत्तर यायची जोडणी तुटली. पण विनंती बँकेपर्यंत पोचून गेलेली असू शकते. ॲपमध्ये अपयश किंवा प्रलंबित दिसलं तरी लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. आधी व्यवहारांची यादी आणि बँकेचा संदेश पाहा.

एकाच जागी रोज कॉल तुटत असेल तर तक्रार करा, आणि ती अशी करा की समोरच्या इंजिनिअरला काम करता येईल. ‘घाटात रेंज नाही’ याने काही होत नाही. नेमकी जागा, वेळ, कोणत्या दिशेने जात होता, कॉल चालू असताना तुटला की लागलाच नाही, हे लिहा. सॅमसंगवर डायल करायच्या जागी *#००११# आणि आयफोनवर *३००१#१२३४५#* टाकून कॉल लावलं की टॉवरची माहिती येते. तुटण्याआधीचा आणि नंतरचा सेल क्रमांक, म्हणजे टॉवरचा ओळखक्रमांक, तिथे दिसतो, त्याचे स्क्रीनशॉट जोडा. त्या दोन क्रमांकांवरून आम्हाला लगेच तपासता येतं की जुन्या टॉवरच्या शेजाऱ्यांच्या यादीत नवा टॉवर आहे की नाही. नसेल तर फोनने कितीही अहवाल पाठवले तरी हुकूम येणार नाही, आणि ती नोंद घालायला टॉवरवर कोणाला चढावंही लागत नाही. यादीत असेल तर त्या जोडीपुरती अट सैल करून पाहता येते.